हळ्ळा की हल्ला

श्रीरंग दामले असं विचारलंत तर बेंगळुरूच्या सायकलवाल्यांत कोणी मान वर करणार नाही. 'हल्लाराव' म्हणा, चार जण पत्ता सांगायला धावतील. हे नाव कसं पडलं ते मात्र त्याच्या बायकोसमोर विचारू नये. सुखदा ते स्वतः सांगायला बसते, आणि तिच्या सांगण्यात तो खड्डा दर वेळी थोडा मोठा होतो. हल्ली त्यात बस मावते.

श्रीरंग मूळचा पुण्याचा. राहणार एचएसआर लेआउटमध्ये, नोकरी बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत, आणि काम दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधण्याचं. म्हणजे पुण्यात जे फुकट करत होता त्याचा इथे पगार मिळू लागला. चाळिशी उलटली की पुरुषाचं काहीतरी बिनसतं. कोणी बाई शोधतो, कोणी बाबा शोधतो. श्रीरंगने सायकल घेतली. कार्बनची, एका बोटावर उचलता येणारी. तिची खरी किंमत त्याने बायकोला अजून सांगितलेली नाही, आणि तिला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. संसार असाच चालतो.

वर्षातल्या काही रविवारी सकाळी पोलिस जुन्या पेटेच्या, म्हणजे बाजारपेठेच्या, कडेचे चार रस्ते बंद करतात आणि हौशी सायकलवाले त्या चौकोनात गोल गोल पळतात. डॉक्टर, वकील, कंप्यूटरवाले, एक भटजीसुद्धा आहे. सगळ्यांच्या अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, पोटं असतील तशी दिसतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. जो पहिला येतो त्याला फुलबाजारातल्या बायका शेवंतीचा हार घालतात आणि कोपऱ्यावरच्या इडलीच्या हॉटेलात त्याचा फोटो भिंतीवर चढतो. बक्षीस एवढंच. पण त्या हारासाठी मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी रुसलेली लोकांनी पाहिली आहेत.

श्रीरंगला तो हार हवा होता. एकदाच. त्या भिंतीवर 'श्रीरंग दामले' असं धड नाव लागलं की हल्लाराव मरेल, असा त्याचा हिशेब.

हल्लारावाचा जन्म पहिल्याच सरावाला झाला होता. सायकलींच्या घोळक्यात रीत अशी की पुढच्याला खड्डा दिसला की तो ओरडतो, आणि ऐकणारा तो शब्द जवळच्या कानात टाकतो; शब्द अडवायचा नाही. इथे खड्ड्याला कन्नडमधलं 'हळ्ळा' ओरडतात. त्या दिवशी हाक आली ती मागून. वाटेत दिल्लीकडची दोन पोरं होती. त्यांच्या तोंडात ळ कुठला? त्यांनी 'हल्ला' करून पुढे पाठवला. नवख्या श्रीरंगला वाटलं, झालं, चढाई सुरू! तो उभा राहून पेडल मारत सगळ्यांच्या पुढे सुटला आणि थेट खड्ड्यात गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

त्याच्या डोक्याशी एक साठीपुढचा सडपातळ माणूस उकिडवा बसला होता. जुनी लोखंडी सायकल, कपाळावर गंधाची पुसट रेघ.

"काय ओ पाहुणे, हळ्ळा म्हटलं की मी! त्यातच गेलात, घर सापडल्यासारखे."

"मला हल्ला ऐकू आलं," श्रीरंग कण्हत म्हणाला.

"पुण्याचे ना तुम्ही? त्या पोरांना ळ येत नाही, त्यांना माफ. तुम्हास येतो. तुम्हास माफ नाही."

हा गुंडोअण्णा. त्याचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांमागे इकडे आलं, म्हणून पुण्यामुंबईहून आलेले सगळे त्याचे पाहुणे. मराठी घरात, कन्नड दारात, आणि शिव्या दोन्हींत. बँकेतून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, धाकट्या विधवा बहिणीच्या, कावेरीअक्काच्या हातची कॉफी पिऊन तिलाच नावं ठेवणारा. शर्यतीत तो कायम शेवटचा. त्याच्या मागे फक्त पोलिसांची जीप. पेडल मारायचं थांबवलं की त्याच्या जुन्या सायकलीचं मागचं चाक रातकिड्यासारखं किरकिरायचं, किर्रर टिक-टिक, किर्रर टिक-टिक, आणि पाठोपाठ खणखणीत आवाजात हाक: "हळ्ळाऽऽ!" त्या जागी खड्डा असायचाच.

"अण्णा, सगळ्यांच्या मागे राहून तुम्हाला पुढचा खड्डा दिसतो कसा?" श्रीरंगने एकदा इडली खाताना विचारलं.

"दिसत नाही ओ. आठवतो."

"म्हणजे?"

"रस्ते बदलतात, श्रीरंगराव. खड्डे जागचे हलत नाहीत. वरून डांबर घालतात ते टोपी घातल्यासारखं. टोपी घातली म्हणून टक्कल जातं काय?" असं म्हणून त्याने श्रीरंगच्या डोक्याकडे इतकं प्रेमाने पाहिलं की टेबलावरची सगळी मंडळी हसत फुटली.

जोडी जमली. गुंडोअण्णाने त्याला वळण कसं घ्यायचं, कोणाच्या चाकाला चिकटायचं आणि कोणाच्या बायकोचं कोणाशी पटत नाही, हे सगळं शिकवलं. श्रीरंग दुसरा आला, चौथा आला, पुन्हा दुसरा आला. हार काही मिळेना. दर वेळी तो जरा लवकर सुटायचा आणि शेवटी दम संपायचा.

"तुम्हास वेळ कळत नाही," गुंडोअण्णा म्हणाला. "असं करू. एक दिवस मी मागून तुमच्या पुण्याच्या मराठीत ओरडतो. ल लावून. हल्ला! त्या दिवशी रस्ता बघायचा नाही, मागे बघायचं नाही. सुटायचं. सरी?"

"सरी, ठीक," श्रीरंग म्हणाला.

ते राहूनच गेलं. गेल्या दसऱ्यानंतर एका संध्याकाळी, कॉफीत साखर कमी आहे असं बहिणीला सुनावून, गुंडोअण्णा खुर्चीतल्या खुर्चीत गेला. पेला हातात तसाच. थेंब सांडला नव्हता.

पुढचं श्रीरंगने बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. लोक आधीच हल्लाराव म्हणत होते, त्यात भर कशाला?

होसकोट्याच्या रस्त्यावर तो एकटाच सरावाला गेला होता. सकाळची कोवळी उन्हं, दोन्ही बाजूंना गोदामं, मागे-पुढे चिटपाखरू नाही. आणि पाठीशी रातकिडा वाजला. किर्रर टिक-टिक. त्याला वाटलं आपलंच चाक. त्याने पेडल थांबवलं नव्हतं. हे लक्षात येतंय तोवर मानेच्या अगदी मागे, जिथे घाम सुकताना गार वाटतं तिथे, कोणी तरी म्हणालं, "हळ्ळाऽऽ!"

श्रीरंगने सायकल झटक्यात उजवीकडे घेतली. उभ्या ट्रकच्या सावलीत, सावलीच्याच रंगाचं, हात-दीड हात खोल भगदाड होतं. मागे वळून पाहिलं. लांबच लांब रिकामा रस्ता. त्यावर त्याच्या एकट्याच्या चाकाचा ओला माग होता, नळ फुटून वाहिलेल्या पाण्यातून तो आला होता म्हणून. थोडं निरखून पाहिलं तेव्हा माग दोन निघाले.

त्या दिवशी तो चालत चालत चहाच्या टपरीपर्यंत आला. टपरीवाल्याने दोन कप भरून पुढे ठेवले.

"एकच," श्रीरंग म्हणाला.

टपरीवाल्याने त्याच्या खांद्यामागे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि एक कप उचलून घेतला.

मग ते चालूच झालं. घराच्या जिन्यात आवाज आला, तो थांबला. खालच्या पायरीवर देवाच्या समईचं तेल सांडलेलं. "तुला दिसलं कसं रे?" सुखदाने विचारलं. "मला चष्मा लावून दिसलं नाही."

"आठवलं," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराने त्याच्या अंगावर काटा आला.

शेवटी त्याने तिला सांगितलं. सुखदा बाई व्यवहारी. तिने सगळं नीट ऐकलं, कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि म्हणाली, "श्री, ही जानेवारीची शर्यत शेवटची. गुडघ्याचा डॉक्टर तेच सांगतोय, आता हेही. जिंकलास तर सायकल हॉलमध्ये टांग, मी रोज पुसेन. हरलास तर विकायची. कबूल?"

"कबूल."

"आणि त्या अण्णांना म्हणावं, घरात ओरडत जाऊ नका. दूध उतू गेलं माझं."

म्हणजे आता एकच शर्यत उरली होती. आणि श्रीरंगच्या मनात एक लबाड आशा येऊन बसली होती. अण्णा मागे आहेच. कबूल केलेला शब्द तो विसरणार नाही. एकदा ल लावून ओरडला की काम झालं.

शर्यतीच्या सकाळी पेटेत धुकं होतं. दुकानांची शटर खाली, फुलबाजारातून शेवंतीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. कोणी मोठा माणूस त्या आठवड्यात येऊन गेल्यामुळे चारही रस्त्यांवर नवं कोरं डांबर पडलं होतं. एरवी जिथे हाडं खिळखिळी होत तिथे सायकली रेशमावरून जाव्यात तशा जात होत्या. टाचणीएवढा खड्डा नाही. लोक खूश होते. श्रीरंगला उगीचच ते डांबर आवडलं नाही. फार काळं होतं. धुक्यात रस्ता दिसेना, रस्त्याच्या जागी नुसतं काहीतरी काळं दिसे.

शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा तो आणि प्रणीत, दोघेच पुढे निघाले होते. प्रणीत नागपूरचा, दातांचा डॉक्टर, वयाने पंधराएक वर्षांनी लहान, आणि तो श्रीरंगच्या चाकाला गोचिडासारखा चिकटला होता. बाकीचा घोळका धुक्यात मागे.

"दादा, थकलात का जी?" प्रणीतने मागून टोचलं.

"तोंड मिट, दातात धुकं जाईल," श्रीरंग म्हणाला.

घंटा वाजली. शेवटची फेरी. बँकेची दगडी इमारत गेली, देवळाचा कोपरा गेला. राहिलं ते फुलबाजाराचं वळण, आणि त्यानंतर सरळ रेघ, जिच्या टोकाला हार. श्रीरंगचे पाय आज भलतेच हलके होते. त्याला ठाऊक होतं, या वळणावर आतून सुटलो तर प्रणीतच्या बापाला सापडणार नाही.

आणि रातकिडा वाजला. किर्रर टिक-टिक.

प्रणीतच्याही मागून. तिथे कोणी नव्हतं. श्रीरंगने श्वास धरला. बोल अण्णा. आता बोल.

"ह—"

पुढचं वाऱ्यात विरलं. ल होता की ळ?

मनाने ल ऐकला. नवा कोरा रस्ता, खड्डा येणार कुठून? वेळ हीच होती, जागा हीच होती, शब्द दिलेला होता. पण श्रीरंग पुण्याचा. कानाला लबाडी करता येईना. जीभ टाळ्याला उलटी लागून सुटल्याचा तो जाड आवाज त्याने आयुष्यभर ऐकलेला होता. ळ होता तो.

आणखी एक गोष्ट त्याला त्याच क्षणी कळली. मोकळ्या रस्त्यावर खोटा खड्डा ओरडून मागच्यांना ब्रेक मारायला लावणं ही या खेळातली सगळ्यात नीच लबाडी. पकडला गेला तर शर्यतीतून बाद, आणि हल्लाराव हे नाव दगडावर कोरलं जाणार. गप्प बसून बाहेरून निघून गेला तर हार त्याचा. आतल्या बाजूने मात्र प्रणीत आणि त्याच्यामागून सगळा घोळका येणार होता. आणि ऐकलेला शब्द अडवायचा नाही, ही रीत.

"हळ्ळाऽऽऽ!" श्रीरंग फुफ्फुसं फाटेस्तोवर ओरडला आणि आतली बाजू दाखवत आडवा हात करून त्याने ब्रेक दाबले.

प्रणीत बाहेरून सुसाट निघून गेला. धुक्यातून घोळका आला, ब्रेक किंचाळले, शिव्या पाच भाषांत झाल्या. पाणी दगडाला वळसा घालतं तसे सगळे बाहेरून वळून पुढे गेले. आतली बाजू मोकळी राहिली. गुळगुळीत, काळी, ओली. तिथे काहीच नव्हतं.

प्रणीतला हार मिळाला. पंच रघुनंदन हा स्वभावाने गरीब, पण शिट्टी गळ्यात पडली की न्यायाधीश होतो. त्याने वळणावर येऊन बुटाने डांबर चाचपलं.

"कुठे आहे ओ हळ्ळा? दाखवा की."

श्रीरंग काय दाखवणार? तो बाद झाला. हॉटेलात इडलीबरोबर त्याचीही चटणी झाली. "हल्लाराव, या वेळी खड्डा घरून आणायचा विसरलात का?" असं भटजीसुद्धा म्हणाला.

प्रणीत मात्र हार काढून ठेवून त्याच्या शेजारी येऊन बसला. खात नव्हता.

"दादा, तुम्ही एकदाच ओरडलात ना?"

"एकदाच."

"मंग आधी कोण ओरडलं?" त्याने आवाज खाली घेतला. "माह्या मागं कोनी नव्हतं. सायकल मात्र वाजत होती. म्हातारा आवाज. मी आतून घुसनारच होतो, तुमच्या बाजूने. त्यानं कानात सांगितलं म्हनून पाय थांबला."

श्रीरंगने त्याचा हात धरला. दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भीती वाटेनाशी झाली, आणि प्रणीतला वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी श्रीरंग कावेरीअक्काकडे गेला. अण्णाची लोखंडी सायकल व्हरांड्यात उभी होती. सवयीने त्याने टायर दाबून पाहिलं. टणक.

"हवा तुम्ही भरता?"

"मी कशास भरू?" अक्का म्हणाली. "जातच नाही ती. बसा. कॉफीत साखर जास्तच घातली आहे, तो गेल्यापासून हात तसाच पडतो."

त्याने सगळं सांगितलं. फुलबाजाराचं वळण म्हणताच अक्काने पेला खाली ठेवला.

"आतली बाजू? पिंपळाच्या पाराकडची?"

"हो."

"ते आमचं घर की ओ. रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं, मी परकर नेसत होते. आतल्या बाजूस आमची विहीर. बुजवली नाही, वर फरश्या टाकल्या नुसत्या. अण्णा लहानपणी मला तिकडे फिरकू देत नसे. मी पळत निघाले की मागून ओरडायचा..." ती उठली, छत्री घेतली. "चला."

भर दुपारी, बाजाराच्या गर्दीत, साठी ओलांडलेली ती बाई रिक्षांना हाताने थांबवत वळणावर गेली आणि छत्रीचं टोक डांबरावर आपटू लागली. ठक. ठक. ठक. मग, बोद्द. तिने तिथेच जरा जोर दिला. सायीत बोट जावं तशी छत्री आत गेली. डांबराचा एक खडा निखळून दिसेनासा झाला. फुलवाल्या बायका हार ओवायच्या थांबल्या. बराच वेळ काहीच नाही. मग खूप खालून आवाज आला, "डुबुक."

आणि त्यानंतर, त्याच खोलीतून, किर्रर टिक-टिक. अक्काने छत्री ओढून घेतली आणि पदर डोक्यावर घेतला. "जिवंतपणी शेवटचा, आणि आताही मागेच," ती पुटपुटली.

माणसं आली, तडकलेल्या फरश्या उचलल्या, ट्रकच्या ट्रक माती ओतून विहीर बुजवली. रघुनंदनने घरी येऊन माफी मागितली. पण निकाल तो निकाल, हार प्रणीतचा. आणि सुखदाने शब्दाप्रमाणे सायकल विकायला लावली. विकली कोणाला, तर प्रणीतला. घरातलं भांडण घरात राहावं असं या बाईला कधी वाटलंच नाही.

पुढच्या शर्यतीला श्रीरंग त्याच वळणावर झेंडा घेऊन उभा होता. आता तिथे खड्डा नव्हता, पण वळणावर कोणीतरी उभं राहायचंच, तर दुसरं कोण? कावेरीअक्का पारावर बसली होती. शेवटच्या फेरीची घंटा लांबून ऐकू आली. घोळका आला, रंगांचा एक झोत सणकन गेला, रस्ता रिकामा झाला. पोलिसांची जीपही गेली. श्रीरंगने झेंडा गुंडाळायला घेतला.

आणि जीपच्याही मागून, जिथून आता कोणी यायचं उरलं नव्हतं तिथून, रातकिडा जवळ येऊ लागला. त्याच्या पाठीशी थांबला. मानेवर गार श्वास लागला. मग कानाशी, दंत्य, स्वच्छ, अगदी सदाशिव पेठी ल लावून, कोणीतरी म्हणालं:

"हल्ला!"

आता याला काय म्हणावं? सायकल विकल्यावर! पायात चपला, हातात झेंडा, गुडघा दुखरा. श्रीरंगने रस्ता बघितला नाही, मागे बघितलं नाही. सुटला. चपला वळणावरच राहिल्या. तो पोटावर शर्ट उडवत, झेंडा फडकवत, जीप मागे टाकून त्या सरळ रेघेवरून धावत गेला, आणि लोक म्हणतात, चेहरा असा होता की हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

हार ओवणाऱ्या एका बाईने हातातला अर्धा हार तसाच त्याच्या अंगावर फेकला. का फेकला, ते तिला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगते की अनवाणी पावलं पुढे निघून गेली, आणि त्यांच्यामागून, अंतर न सोडता, काहीतरी टिक-टिक करत गेलं.